‘सर, लिंक उघडत नाही’: शैक्षणिक व्हिडिओ पालकांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत पोहोचत नसतील तर काय तपासायचं

शाळेच्या पालक-गटावर व्हिडिओची लिंक टाकली की थोड्याच वेळात पहिला निरोप येतो, ‘सर, लिंक उघडत नाही.’ मागोमाग दुसरा, ‘आमच्याकडे पण नाही.’ आपण आपल्या फोनवर दाबून पाहतो, तर व्हिडिओ व्यवस्थित चालतो. मग आपण ‘नेट तपासा’ असं लिहितो आणि विषय तिथेच मिटतो. पुढच्या आठवड्यात नवी लिंक, पुन्हा तेच. तंत्रस्नेही शिक्षक म्हणून केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, इतर शाळांचे फोनही मला येतात, आणि त्यांतही हीच तक्रार सगळ्यात जास्त असते. नेटचा दोष फार कमी वेळा निघतो. बहुतेकदा गडबड आपण लिंक जिथून उचलली तिथेच असते आणि ती आपल्यालाच दुरुस्त करता येते. म्हणून पालकाला काही करायला सांगण्याआधी आपण काय काय पाहायचं, ते लिहितो आहे.

आधी स्क्रीनशॉट मागवा

‘उघडत नाही’ या तक्रारीमागे निदान सहा-सात वेगवेगळ्या गोष्टी असतात. लिंक निळी होत नाही. निळी होते पण दाबली जात नाही. दाबल्यावर यूट्यूब ‘अपडेट करा’ म्हणतं. व्हिडिओ प्रायव्हेट आहे असं येतं. ‘परवानगी मागा’ असं येतं. किंवा नुसतं गोल फिरत राहतं. प्रत्येकाचं कारण वेगळं, उपाय वेगळा. त्यामुळे पडद्यावर नेमकं काय लिहून आलंय ते कळल्याशिवाय उपाय सांगू नका. पालकांना स्क्रीनशॉट काढता येत नसेल तर घरातल्या मुलाला सांगा. चौथीतल्या पोराला ते बरोबर जमतं.

मग आपलीच लिंक परक्यासारखी उघडून पाहा

आपल्या फोनवर व्हिडिओ चालतो, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आपला फोन आपल्या जीमेल खात्याने लॉगिन असतो. प्लेलिस्ट आपण बनवलेली, फाइल आपल्या ड्राइव्हमधली. मालकाला यूट्यूब आणि ड्राइव्ह कधीच अडवत नाहीत. अडवतात ते दुसऱ्याला.

तपासणी सोपी आहे. लिंक कॉपी करा, क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून इन्कॉग्निटो टॅब उघडा आणि तिथे लिंक पेस्ट करा. ॲपमध्ये उघडू का असं विचारलं तर नाही म्हणा. इन्कॉग्निटोमध्ये आपण लॉगिन नसतो, म्हणजे पालकाला जे दिसणार तेच आपल्याला दिसतं. इथे व्हिडिओ चालला तर अडचण पालकाच्या फोनमध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये आहे. इथेच अडला तर ती आपल्याकडे आहे. अर्धं निदान एवढ्यात होतं. गटावर कोणतीही लिंक टाकण्याआधी हे करायची सवय लावून घेतली, तर पुढचे निम्मे फोन येतच नाहीत.

प्लेलिस्ट प्रायव्हेट राहिलेली असते

माझ्याकडे आलेल्या तक्रारींत हे कारण सगळ्यात वरचं. यूट्यूबवर चांगला व्हिडिओ दिसला की आपण ‘सेव्ह’ दाबून नवी प्लेलिस्ट बनवतो, तिला ‘पाचवी अपूर्णांक’ असं नाव देतो आणि पुढे जातो. नाव टाकतो त्याच चौकटीत खाली पब्लिक, अनलिस्टेड आणि प्रायव्हेट असे पर्याय असतात. तिथे सहसा प्रायव्हेट आधीच निवडलेलं असतं आणि घाईत कुणी ते पाहत नाही. पुढे महिनाभर त्या प्लेलिस्टमध्ये व्हिडिओ जमतात, आपण मेहनतीने क्रम लावतो आणि मग लिंक गटावर टाकतो. कुलूप न काढता घराचा पत्ता द्यावा, तसं हे होतं. पालकाला प्लेलिस्ट प्रायव्हेट आहे किंवा अस्तित्वातच नाही, असा संदेश दिसतो.

उपाय: यूट्यूब ॲपमध्ये खाली उजवीकडे आपल्या फोटोवर जा, प्लेलिस्ट उघडा, पेन्सिलच्या खुणेवर दाबा आणि दृश्यतेच्या जागी ‘अनलिस्टेड’ निवडा. अनलिस्टेड म्हणजे ज्याच्याकडे लिंक आहे त्याला दिसेल, शोधून मात्र सापडणार नाही. शाळेच्या कामाला हेच योग्य. आधी पाठवलेली लिंक बदलत नाही, तीच आता चालू लागते. पुन्हा पाठवायची गरज नसते.

‘वॉच लेटर’चीही हीच गत, पण तिथे उपायच नाही. ती यादी नेहमी फक्त आपल्यापुरतीच असते, ती कुणाला देता येत नाही. पुष्कळ शिक्षक वर्षानुवर्षं सगळं ‘वॉच लेटर’मध्ये साठवतात. तिथले कामाचे व्हिडिओ एकदा बसून विषयवार प्लेलिस्टमध्ये हलवावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण उन्हाळी सुट्टीत एका दुपारी होऊन जातं.

आणखी एक गुंता लक्षात ठेवा. प्लेलिस्टची दृश्यता वेगळी आणि आतल्या प्रत्येक व्हिडिओची वेगळी. प्लेलिस्ट उघडी असली तरी आतला एखादा व्हिडिओ त्याच्या मालकाने प्रायव्हेट केला असेल तर तो दिसणार नाही. उलट, तुमच्या वर्गाचा एखादा अनलिस्टेड व्हिडिओ तुम्ही पब्लिक प्लेलिस्टमध्ये टाकला, तर तो प्लेलिस्ट पाहणाऱ्या कुणालाही दिसतो. मुलांचे चेहरे असलेले व्हिडिओ टाकताना हे विसरू नका. अनलिस्टेड म्हणजे गुप्त नव्हे. लिंक एका गटातून दुसऱ्या गटात गेली की ती कुठवर जाईल ते आपल्या हातात राहत नाही. मुलांचे चेहरे दिसणार असतील तर आधी पालकांची संमती घ्या, आणि शक्य असेल तर हात, वही, फळा एवढंच चित्रित करा.

बालगीतांचे व्हिडिओ सेव्हच होत नाहीत

पहिली-दुसरीच्या शिक्षकांची ही खास अडचण. बालगीत किंवा गोष्टीचा व्हिडिओ उघडला, ‘सेव्ह’ दाबलं, तर काहीच होत नाही किंवा मुलांसाठीच्या मजकुरावर ही सोय बंद आहे असं येतं. चॅनेलला सबस्क्राइब केलं तरी घंटेची खूण चालत नाही. खाली प्रतिक्रियाही बंद. फोन बिघडलेला नसतो, आणि ॲप काढून पुन्हा टाकून काही उपयोग होत नाही.

त्यामागचं कारण अमेरिकेतलं आहे. तिथे १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती इंटरनेटवर गोळा करण्यावर बंधन घालणारा १९९८ चा कायदा आहे. तो मोडल्याबद्दल सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबने १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली, आणि जानेवारी २०२० पासून ‘मुलांसाठी बनवलेला’ अशी नोंद असलेल्या व्हिडिओवर बऱ्याच सोयी जगभर बंद केल्या. प्लेलिस्टमध्ये सेव्ह करणं, प्रतिक्रिया आणि सूचनेची घंटा या त्यांतल्याच. कायदा तिकडचा असला तरी त्याचा परिणाम आपल्या पहिलीच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचतो.

अशा व्हिडिओंसाठी प्लेलिस्टचा नाद सोडा आणि लिंकांची यादी गूगल शीटमध्ये ठेवा. शीटबद्दल पुढे लिहितो. आणि तुम्ही स्वतः लहान मुलांसाठी व्हिडिओ बनवून चढवत असाल, तर तो मुलांसाठी आहे का, हा प्रश्न अपलोड करताना येतोच. उत्तर खरं द्या. सोयी चालू राहाव्यात म्हणून ‘नाही’ म्हटलं तरी यूट्यूब स्वतःहून ती नोंद लावू शकतं. पण शिक्षकांना किंवा पालकांना समजावणारा व्हिडिओ असेल, म्हणजे ‘मुलांकडून अक्षरओळख कशी करून घ्यावी’ असा, तर तो मुलांसाठी बनवलेला नाही. तिथे ‘नाही’ हेच खरं उत्तर.

जुन्या लिंका मेल्या

२०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’च्या काळात शिक्षकांनी ढिगाने व्हिडिओ बनवले. त्याआधीही हौसेने बनवणारे होतेच. आज त्या याद्या उघडल्या तर अधूनमधून काळे चौकोन दिसतात. काही मालकांनी काढून टाकलेले असतात, त्यांना इलाज नाही. पण एका प्रकाराला इलाज आहे. यूट्यूबने २३ जुलै २०२१ रोजी सुरक्षेच्या कारणाने एक बदल केला. १ जानेवारी २०१७ च्या आधी चढवलेले सगळे अनलिस्टेड व्हिडिओ प्रायव्हेट केले. मालकाने आधी नकार कळवला असेल तेवढेच वाचले. २०१५-१६ च्या सुमाराला बनवलेले अनेक चांगले मराठी पाठ असे गुपचूप बंद झाले, आणि बनवणाऱ्यालाही त्याचा पत्ता नाही. मालक ओळखीचा असेल तर त्याला सांगा. यूट्यूब स्टुडिओत जाऊन व्हिडिओ पब्लिक केला की तो पुन्हा सुरू होतो.

ड्राइव्हवरच्या व्हिडिओचं दुखणं वेगळं. तिथे पालकाला ‘परवानगी मागा’ असं दिसतं, तो बिचारा मागतो, आणि आपल्या जीमेलवर विनंत्यांची रांग लागते, जी आपण पाहत नाही. फाइलच्या शेअरमध्ये जाऊन ‘रिस्ट्रिक्टेड’च्या जागी ‘लिंक असलेला कुणीही’ करा आणि अधिकार फक्त पाहण्याचा ठेवा. शाळेच्या किंवा संस्थेच्या खात्यावर फाइल असेल तर संस्थेबाहेरच्यांना ती मुळातच बंद असू शकते. तेव्हा ती वैयक्तिक खात्यावर हलवावी लागते. एकाच वेळी फार लोकांनी पाहिली तरी ड्राइव्ह फाइल काही काळ अडवतं. शिवाय मोफत जागा १५ जीबीच, आणि त्यात मेल, फोटो सगळं आलं. माझं मत विचाराल तर व्हिडिओसाठी ड्राइव्ह वापरूच नये. अनलिस्टेड यूट्यूब बरं. तिथे नेट मंद असेल तर चित्राचा दर्जा आपोआप उतरतो आणि व्हिडिओ निदान चालत राहतो.

इन्कॉग्निटोत चालतं, पण पालकाकडे नाही

आता व्हॉट्सॲपकडे या.

जूनमध्ये बदली होऊन नव्या शाळेत आलात, पालकांना वैयक्तिक निरोप पाठवलेत आणि लिंक दाबलीच जात नाही? अनोळखी नंबरवरून आलेली लिंक व्हॉट्सॲप दाबू देत नाही. पालकाने नंबर सेव्ह केला किंवा एक उत्तर पाठवलं की ती चालू होते. ब्रॉडकास्ट यादीचंही तसंच. तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोहोचतच नाही, आणि पोहोचला नाही हे कुणी तुम्हाला सांगतही नाही. पहिल्या पालकसभेत हजेरी घेतानाच सगळ्यांना आपला नंबर सेव्ह करायला लावा.

लिंक निळी होत नसेल किंवा चुकीच्या जागी जात असेल तर तिच्या आसपास पाहा. लिंकला चिकटून ‘पाहा’ लिहिलेलं असतं, किंवा शेवटी पूर्णविराम असतो. लिंक नेहमी वेगळ्या ओळीत एकटी ठेवा. फळ्यावर लिहून मुलांना उतरवून घ्यायला तर कधीच सांगू नका. यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओची ओळख ११ चिन्हांची असते आणि त्यात लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते. मोठा आय आणि लहान एल, शून्य आणि ओ, यांत एक चूक झाली की व्हिडिओ सापडत नाही. क्रोममध्ये शेअर दाबलं की क्यूआर कोड बनवायचा पर्याय येतो. तो छापून वर्गाच्या दारावर किंवा मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

‘एकाच गटाला जातंय, पुढे जात नाही’ ही शिक्षकांकडून येणारी तक्रार. अफवांना आळा घालायला व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा आणली, आणि एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जातो. त्यावर उपाय म्हणजे फॉरवर्ड न करता लिंक कॉपी करा आणि स्वतःचं एक वाक्य लिहून नवा निरोप पाठवा. तसंही ‘अनेकदा फॉरवर्ड केलेलं’ अशी खूण असलेला निरोप पालक उघडत नाहीत. ‘उद्या वजाबाकी हातच्याची घेणार आहे, हा ४ मिनिटांचा व्हिडिओ मुलासोबत पाहा’ असं लिहिलेलं उघडतात.

राहिला पालकाचा फोन. एका पालकसभेनंतर चौथीतल्या मुलाची आई थांबली आणि फोन पुढे केला. ‘गुरुजी, माझ्याकडं एक बी व्हिडिओ चालत न्हाई. पोरगं म्हणतंय सरांनी दिलाय, मी म्हणते दिसत न्हाई.’ लिंक दाबली की यूट्यूब ‘अपडेट करा’ म्हणत होतं, आणि अपडेट दाबलं की जागा नाही म्हणत होतं. जागा कशाने भरली होती, तर नातेवाइकांच्या गटांतून आपोआप उतरलेल्या सुप्रभातच्या चित्रांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ मध्ये गेलो, ‘मॅनेज स्टोरेज’ उघडलं, मोठ्या फाइली त्यांना एकेक दाखवून, विचारून काढल्या, आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं. मग अपडेट झालं. हे काम दोन-चार मिनिटांचं असतं, पण फोनवर सांगून होत नाही. पालकसभेच्या दिवशी एका बाकावर बसून करावं लागतं. ज्यांच्या जुन्या फोनवर ॲप अपडेटच होत नाही त्यांच्यासाठी लिंक कॉपी करून क्रोममध्ये पेस्ट करायला शिकवा. ब्राउझरमध्ये तोच व्हिडिओ ॲपशिवाय चालतो.

सापडतच नाही

लिंक चांगली होती, उघडतही होती, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी पालकाला हवी तेव्हा ती तीनशे निरोपांच्या खाली गाडली गेलेली. इथे व्हॉट्सॲपला दोष देऊन भागत नाही. व्हॉट्सॲप निरोप द्यायचं साधन आहे, साठवायचं नाही. निरोप पिन केला तरी जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो. नव्याने गटात आलेल्या पालकाला मागचं दिसेल याचा भरवसा नाही.

म्हणून प्रत्येक वर्गासाठी एकच कायमचा पत्ता ठेवा: एक गूगल शीट. ती गटाच्या वर्णनात टाका, कारण वर्णन मुदत संपून जात नाही आणि नव्या सदस्यालाही दिसतं. शीटमध्ये रकाने मोजके ठेवा: विषय, घटक, लिंक, किती मिनिटांचा, कुठून कुठपर्यंत पाहायचा, आणि ‘पाहून काय करायचं’. शेवटचा रकाना मी फार महत्त्वाचा मानतो. त्याच्याशिवाय मूल व्हिडिओ पाहतं आणि फोन खाली ठेवतं. ‘व्हिडिओ पाहून घरातल्या ५ वस्तूंची लांबी मोजून वहीत लिही’ असं असेल तर दुसऱ्या दिवशी वर्गात बोलायला काहीतरी असतं.

घटकाचं नाव लिहा, पाठाचा क्रमांक नको. पुस्तक बदललं की क्रमांक बदलतो, ‘अपूर्णांकांची बेरीज’ तीच राहते. पालकांना शीट फक्त पाहण्याच्या अधिकाराने द्या, नाहीतर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी लहानग्याच्या बोटाने अख्खा रकाना पुसला जाईल. तसं झालंच तर शीटच्या ‘फाइल’ मेनूत ‘व्हर्जन हिस्टरी’ असते, तिथून कालची प्रत परत आणता येते.

कुठून कुठपर्यंत पाहायचं, याबद्दल थोडं. १८ मिनिटांच्या व्हिडिओत आपल्या कामाची ३ मिनिटं असतात. दिवसाला दीड जीबीचा पॅक, आणि तोही बापाच्या कामाच्या फोनवर, अशा घरी १८ मिनिटं मागणं अन्याय आहे. कम्प्युटरवर यूट्यूबचं शेअर दाबलं की ‘स्टार्ट ॲट’ असा चौकोन असतो, तो निवडला की लिंक तिथूनच सुरू होते. फोनवर हाताने जोडावं लागतं. लिंकमध्ये प्रश्नचिन्ह आधीच असेल तर शेवटी अँडचं चिन्ह लावा, नसेल तर प्रश्नचिन्ह लावा. मग इंग्रजी लहान टी, बरोबरचं चिन्ह आणि सेकंदांचा आकडा. २ मिनिटं १५ सेकंदांपासून हवं असेल तर १३५. एकदा हात बसला की सोपं आहे.

छोटेच व्हिडिओ शोधायचे तर अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून केलेले पाहा. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवून विज्ञान दाखवणारे, बरेचसे मिनिट-दोन मिनिटांचे, आणि मराठीतही आहेत. काडेपेटी, सायकलची ट्यूब, स्ट्रॉ एवढंच सामान. डेटाही कमी जातो आणि पाहून झाल्यावर हाताला काम मिळतं.

आपल्यालाच नवे व्हिडिओ कळत नाहीत

आता शिक्षकांची स्वतःची तक्रार. ‘त्या चॅनेलला मी सबस्क्राइब केलंय, पण नवा व्हिडिओ आला की कळतच नाही.’

पहिल्यांदा पाहा की तुम्ही कोणत्या खात्यावर सबस्क्राइब केलंय. शिक्षकांच्या फोनवर निदान दोन जीमेल असतात, एक घरचं, एक शाळेचं. सबस्क्रिप्शन एकावर असतं आणि यूट्यूब दुसऱ्यावर उघडं असतं. फोटोवर दाबून खातं बदलून पाहिलं की कित्येकदा सगळं सापडतं.

खातं बरोबर असेल तर घंटेकडे पाहा. नुसतं सबस्क्राइब केलं की यूट्यूब स्वतःच्या मर्जीने काही व्हिडिओंची सूचना देतं. घंटा दाबून ‘ऑल’ निवडावं लागतं. तरीही एका चॅनेलकडून २४ तासांत तीनपेक्षा जास्त सूचना येत नाहीत, त्यामुळे एकदम दहा पाठ चढवणाऱ्या चॅनेलचे बाकीचे सुटतात. फोनच्या सेटिंगमध्ये यूट्यूबच्या सूचना बंद केलेल्या नाहीत ना, बॅटरी वाचवणारा मोड लावलेला नाही ना, तेही पाहा. आणि सगळ्यात साधं म्हणजे ‘होम’वर शोधत बसू नका. ‘होम’वर यूट्यूबला वाटतं ते दिसतं. खालच्या ‘सबस्क्रिप्शन्स’ पट्टीवर तारखेच्या क्रमाने सगळं असतं.

मुलांच्या चॅनेलवर घंटाच चालत नाही, हे वर आलंच. तिथे आरएसएस, म्हणजे एखाद्या चॅनेलवर किंवा संकेतस्थळावर नवं काही आलं की त्याची यादी आपोआप देणारी इंटरनेटवरची सोय, उपयोगी पडते. फीडली किंवा इनोरीडरसारख्या ॲपमध्ये चॅनेलची लिंक टाकली की नवा व्हिडिओ आला की तो तिथे येतो. घंटेशी आणि यूट्यूबच्या मर्जीशी संबंध नाही. शिवाय जाहिराती आणि ‘हेही पाहा’च्या मोहात न पडता फक्त यादी दिसते. शिक्षकांत हा मार्ग फार कमी वापरला जातो, याचं मला वाईट वाटतं.

एकट्याने सगळी चॅनेल सांभाळायची गरजही नाही. केंद्रातल्या दहा शाळांनी विषय वाटून घ्यावेत. एकाने गणित, एकाने परिसर अभ्यास, एकाने इंग्रजी. प्रत्येकाने आपल्या विषयाचे नवे व्हिडिओ पूर्ण पाहून, चुका नाहीत ना हे तपासून, मगच सामायिक शीटमध्ये टाकावेत. यूट्यूबच्या प्लेलिस्टमध्येही ‘कोलॅबोरेट’ची सोय आहे, ती चालू केली की इतरांना भर घालता येते. ती लिंक फक्त शिक्षकांना द्या, पालक-गटावर नको. पूर्ण पाहण्याचा आग्रह मी धरतो, कारण दीर्घ वेलांटी ऱ्हस्व लिहिणारे आणि भागाकाराची पायरी गाळणारे व्हिडिओही लाखो जणांनी पाहिलेले असतात. किती जणांनी पाहिलं यावरून पाठ बरोबर आहे की नाही ते ठरत नाही.

पुस्तकातला क्यूआर ‘चुकीचा’ येतो

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपला जोडलेले असतात. दीक्षा ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं. त्यावर जाहिराती नाहीत आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची भानगड नाही, त्यामुळे घरी पाहायला मला ते यूट्यूबपेक्षा बरं वाटतं. पण पालक तो कोड पैसे पाठवायच्या ॲपमधून स्कॅन करतात आणि ‘अवैध कोड’ असं आलं की पुस्तकच चुकीचं ठरवतात. दीक्षा ॲपमधूनच स्कॅन करायचा, हे एकदा वर्गात करून दाखवा. छपाई पुसट असेल किंवा कॅमेरा खराब असेल तर क्यूआरखाली सहा अक्षर-अंकांचा कोड छापलेला असतो, तो दीक्षावर टाइप केला तरी तोच पाठ उघडतो. शाळेच्या वाय-फायवर एकदा डाउनलोड करून ठेवला की घरी नेटशिवाय चालतो.

यूट्यूबचं डाउनलोड बटणही वापरा, पण त्यातून उतरवलेला व्हिडिओ ॲपच्या आतच राहतो, व्हॉट्सॲपवर पाठवता येत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर फोन पुन्हा नेटला जोडावा लागतो. बाहेरच्या संकेतस्थळांवरून व्हिडिओ उतरवून स्वतःच्या चॅनेलवर चढवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मानू नका. यूट्यूबच्या अटींत ते बसत नाही, आणि ९० दिवसांत कॉपीराइटच्या तीन तक्रारी आल्या तर आपलं अख्खं चॅनेल जातं, वर्षानुवर्षांचे आपले स्वतःचे पाठही त्यासोबत जातात. पुन्हा वापरायला मोकळे व्हिडिओ हवे असतील तर यूट्यूबच्या शोधात फिल्टर लावून ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ निवडा. बनवणाऱ्याचं नाव देऊन ते वापरता येतात.

ज्या घरी नेटच नाही त्यांच्यासाठी लिंकची खटपट सोडा. डीडी फ्री डिशवर पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या मोफत दिसतात. वस्तीत कुणाकडे डिशची छत्री आहे एवढं विचारून ठेवा.

शाळेत चालतं, घरी नाही; किंवा उलट

शाळेच्या नेटवर्कवर किंवा शाळेच्या खात्यावर ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ चालू असेल तर काही व्हिडिओ दिसत नाहीत आणि प्रतिक्रिया लपतात. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये तो बंद करता येतो. करता येत नसेल तर तो खातं सांभाळणाऱ्याने लावलेला आहे, त्यालाच विचारावं लागेल. मुलांच्या खात्यावर तो चालू असणंच चांगलं. वर्गात स्मार्ट टीव्हीवर लावताना ‘ऑटोप्ले’ बंद करा आणि व्हिडिओ आधी एकदा सुरुवातीपासून चालवून पाहा.

एवढं करूनही अडलं आणि कुणा तंत्रस्नेही सहकाऱ्याला विचारायची वेळ आली, तर नुसतं ‘उघडत नाही’ लिहू नका. मूळ लिंक मजकूर म्हणून पाठवा, फोटो काढून नको. अडलेल्या फोनचा स्क्रीनशॉट जोडा. इन्कॉग्निटोत काय झालं ते लिहा. व्हिडिओ यूट्यूबवर आहे की ड्राइव्हवर, कुणी चढवलेला आहे, आणि एकाच पालकाला अडतंय की सगळ्यांना, हेही कळवा. एकालाच अडत असेल तर त्या फोनचं मॉडेल आणि त्यात किती जागा शिल्लक आहे तेही सोबत द्या.